घेऊन जा म्हणण्याआधी

आम्हाला येणारा फोन बहुतेक एकाच वाक्याचा असतो. "आमच्या कॉलनीत एक वेडा फिरतोय, गाडी पाठवून त्याला घेऊन जा." फोन करणारा माणूस वाईट नसतो. घरात लहान मुलं असतात, गेटाशी कुणीतरी उघडंवाघडं बसलेलं त्याला बघवत नसतं, थोडी भीतीही असते. मी त्याला विचारते, किती दिवसांपासून दिसतोय? रात्री कुठे निजतो? खायला कोण देतं? पायाला जखम वगैरे आहे का? स्वतःशी बोलतो ती भाषा कुठली वाटते? सोसायटीच्या सेक्रेटरीला यातलं फारसं काही ठाऊक नसतं. त्याच नाक्यावरच्या चहावाल्याला मात्र सगळं ठाऊक असतं.

बेघर मनोरुग्णांसोबत मी सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात बरीच वर्षं काम करते आहे. रस्त्यावरच्या माणसाशी ओळख करून घ्यायची, त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचं, तो सावरला की त्याचं घर शोधायचं आणि घर सापडलं की त्याच्याबरोबर तिथवर जायचं, असं हे काम. यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. औषध डॉक्टर देतात, पण माणूस तगतो की नाही हे वस्तीवर ठरतं. आधी तो ज्या रस्त्यावर सापडतो त्या वस्तीवर, आणि मग तो ज्या गावात परत जातो त्या गावावर. मधला दवाखान्याचा काळ त्या मानाने सोपा.

मिरज मोठं जंक्शन. पुणे, बेळगाव, कोल्हापूर, पंढरपूर, चारही बाजूंचे रूळ इथे मिळतात. आजाराच्या भरात घर सोडलेला माणूस समोर येईल त्या गाडीत चढतो आणि तपासनीस उतरवेल तिथे उतरतो. स्किझोफ्रेनिया बहुतेकांना ऐन तारुण्यात गाठतो. कानात आवाज येत राहतात, घरचेच जेवणात विष घालतात असं वाटू लागतं. लोक म्हणतात तो घरातून पळाला. त्याच्या लेखी तो जीव वाचवत असतो. असा एखादा तरुण बिहारमधून किंवा ओडिशातून निघतो आणि जिथे त्याचा शब्द कुणाला कळत नाही अशा गावात येऊन पोचतो. मग तो बोलायचंच सोडतो, आणि लोक समजतात मुका आहे.

रस्त्यावर भरकटलेल्या प्रत्येकाला हाच आजार असतो असं नाही, हे मी फार लवकर शिकले. एक म्हातारे गृहस्थ वारीनंतर पंढरपुरातून चालत निघाले होते. त्यांना स्मृतिभ्रंश होता आणि त्यांना आताच्या घराऐवजी चाळीस वर्षांपूर्वीचा पत्ता आठवत होता. एका बाईचं भ्रमात बरळणं मेंदूच्या क्षयामुळे होतं. एका कामगाराला आम्ही सगळेच मनोरुग्ण समजत होतो. तपासणीत कळलं की त्याला ऐकू येत नाही, लिहिता-वाचता येत नाही आणि मुकादमाने त्याला पैसे न देता ऊसतोडीच्या फडावरून हाकलून दिलं आहे. तो अनेक महिने वेडा म्हणून दगड खात होता. म्हणून आधी अंग तपासायचं. ताप, जखम, रक्तातली साखर, सोडियम, मग मन. रस्त्यावर बघून कुणी निदान करू नये, आम्हीसुद्धा नाही.

माझ्या कामाला वळण दिलं ते स्टेशनबाहेर चहाची गाडी लावणाऱ्या एका मावशींनी. तिथे एक माणूस पुलाखाली बसायचा. आम्ही दोनदा त्याच्याजवळ गेलो, दोन्ही वेळा तो उठून चालू लागला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मावशींनी मला बाजूला घेतलं. "त्येला दुपारच्या आत काय बी दिऊ नगा, घेत न्हाई. आणि गर्दी करून जाऊ नगा. डावा पाय झाकून बसतोय बघा, आत किडं पडल्यात." हे आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं. त्या रोज ठरल्या वेळी त्याच्यासमोर चहा आणि पाव ठेवत होत्या. काही न विचारता, काही न बोलता. दुपारी मावशी पुढे, मी मागे, असे आम्ही गेलो. मावशी त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "चल, पाय दाखवून येऊ." तो उठला. गाडीत बसेपर्यंत त्याने त्यांचा पदर धरला होता. दवाखान्यात जखमेत टर्पेंटाइनचे थेंब टाकून अळ्या काढाव्या लागल्या. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर पाय गेला असता असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून मी नव्या जागी गेले की आधी शोधते ती चहावाली, झाडूवाली, फूलवाली, रिक्षा स्टँडवरचा म्हातारा. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच हाताने दिलेलं अन्न ही उपचाराची पहिली पायरी आहे. त्यामुळे माणूस एका जागी टिकतो, परत सापडतो, आणि जगात कुणावर तरी विश्वास ठेवता येतो ही त्याची विझलेली खात्री थोडी जागी होते. सणाला पंगत वाढून वर्षभर तोंड फिरवण्यापेक्षा रोजचा अर्धा कप चहा कितीतरी मोठा.

वस्तीने केलेलं याच्या उलटही मी पाहिलं आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात राग आहे. एका शहरात मोठ्या कार्यक्रमाआधी रस्त्यावरच्या लोकांना टेम्पोत भरलं आणि रात्री हायवेवर पुढच्या जिल्ह्याच्या हद्दीत सोडून दिलं. कॉलन्यासुद्धा वर्गणी काढून हे करतात. पुढचं गाव त्यांना आणखी पुढे सोडतं. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागातला एक तरुण असाच एका गावातून दुसऱ्या गावात ढकलला गेला. तो पहिल्यांदा जिथे दिसला तिथून त्याचं घर साठ-सत्तर किलोमीटरवर होतं. तिथल्या कुणी पोलिसांना कळवलं असतं तर आठवड्याभरात आई-बाप भेटले असते. तो सापडला काही वर्षांनी, मुंबईच्या बाजूला. तोवर वडील गेले होते. ज्या कॉलनीने त्याला पहिल्यांदा टेम्पोत घातलं, तिथल्या लोकांना हे कधी कळलंही नाही.

अशा माणसाचं गाठोडं कधीही फेकू नये. चिंध्या, पिशव्या, बाटल्या यांच्या आत कधी रेशनकार्डाचा तुकडा असतो, कधी गावच्या दुकानाची पावती, कधी फोन नंबर लिहिलेलं कापड. एकाचं घर आम्हाला एका शाळेच्या गुणपत्रिकेवरून सापडलं. ती त्याने प्लास्टिकच्या सात थरांत गुंडाळून ठेवली होती. दुसऱ्या एकाचं गाठोडं स्वच्छता मोहिमेत जाळलं गेलं. तो अजून घरी गेलेला नाही.

आता कायदा. पूर्वी अशा माणसाला रुग्णालयात दाखल करायला न्यायदंडाधिकाऱ्याकडून रिसेप्शन ऑर्डर आणावी लागे, आणि लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचं कलम १०० वाचकांनी लक्षात ठेवावं. आपल्या हद्दीत भटकणारी, मनोरुग्ण वाटणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. ती बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरचे शोधायचे. याच कायद्याने बेघर माणसाला मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे, दारिद्र्यरेषेचं कार्ड हातात असो वा नसो.

हे सगळं छापलेला कागद मी पिशवीत ठेवते. ठाण्यावरचा हवालदार बहुतेक वेळा तो पहिल्यांदाच वाचत असतो. त्याची अडचण खोटी नसते. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आमच्याकडून रत्नागिरीला न्यायचं तर आंबा घाट उतरायचा, दोन पोलीस सोबत द्यायचे, बाई असेल तर महिला पोलीस हवी, त्यांचा अख्खा दिवस जाणार. ठाण्यात आधीच माणसं कमी. मग सगळेच बघू, करू म्हणतात आणि माणूस रस्त्यावर राहतो.

इथे वस्ती काय करू शकते ते एका गणेश मंडळाने दाखवलं. त्यांच्या गल्लीत एक तरुण बंद दुकानाच्या पायरीवर राहत होता. मंडळाच्या पोरांनी पाळी लावून त्याला जेवण दिलं. रोज काय खाल्लं, काय बोलला, झोपला की नाही हे एका वहीत लिहून ठेवलं. मग दोघं लेखी अर्ज घेऊन ठाण्यात गेले आणि पोच घेतली. गाडी आणि डिझेल मंडळाने केलं. आधी मिरजेच्या सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, मग पुढची व्यवस्था. वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडली, कारण अशा रुग्णाची हकीकत सांगणारा एरवी कुणीच नसतो. पोरांनी वहीत एक अनोळखी शब्द चार-पाच ठिकाणी टिपला होता. तो त्याच्या गावाजवळच्या बाजाराचं नाव निघाला, आणि त्यावरून झारखंडमधलं ठाणं सापडलं. लेखी अर्ज आणि त्याची पोच याचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी कमीच आहे. तोंडी तक्रार विरून जाते, कागद राहतो.

बायकांच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नसतो. रस्त्यावर एकट्या राहणाऱ्या मनोरुग्ण बाईवर अत्याचार होतोच, हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे आलेल्या अनेकींना दिवस गेलेले होते. एका एसटी स्टँडवर मी वेगळं पाहिलं. झाडू मारणाऱ्या बायकांनी तिथे आलेल्या एका तरुणीला आपल्यात घेतलं होतं. रात्री तिला महिला प्रतीक्षागृहात आतल्या बाजूला झोपवायचं आणि दाराशी एकीने निजायचं. रात्रपाळीच्या वाहतूक नियंत्रकाने नियमाकडे बोट न दाखवता परवानगी दिली. ती कानडी बोलते हे अथणीकडून येणाऱ्या भाजीवाल्या बाईने ओळखलं. आम्ही पोचेपर्यंत तिला कुणी हात लावला नव्हता, याचं सगळं श्रेय त्या बायकांचं. अहिल्यानगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य 'माउली' या संस्थेतून अशाच स्त्रियांना सांभाळतं. तिथे आयांबरोबर त्यांची लेकरंही वाढतात. असं काम चार ठिकाणी तरी उभं राहायला हवं होतं.

भीतीबद्दल बोललं पाहिजे. मनोरुग्ण म्हणजे अंगावर येणारा, ही समजूत खोलवर रुतलेली आहे. माझ्या अनुभवात रस्त्यावरची बहुतेक माणसं मार खाणारी असतात, मारणारी नाही. जो दगड मारतो त्याला आधी मुलांनी दगड मारलेले असतात. जवळ जाताना एकट्याने किंवा दोघांनी जावं, हाताच्या अंतरावर थांबावं, बसून बोलावं, डोळ्यात रोखून बघू नये, मोबाइल खिशात ठेवावा. कुणी खरोखर हिंसक झाला असेल तर ११२ ला फोन करावा आणि लोकांना पांगवावं. गर्दी ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. ते मनोरुग्ण नव्हते, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. पण तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्या अफवांमुळे आमच्या भागातल्या कित्येक भटक्या रुग्णांनाही मार बसला, कारण नाव विचारल्यावर ते उत्तर देऊ शकत नव्हते.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. उत्साही तरुण रस्त्यावरच्या माणसाला धरतात, केस कापतात, अंघोळ घालतात, नवे कपडे चढवतात आणि आधीचा-नंतरचा व्हिडिओ टाकतात. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण आजारी, संशयाने पछाडलेल्या माणसाला चौघांनी धरून कात्री लावली तर त्याला काय वाटत असेल? तो ती जागा सोडून जातो, चहावालीने महिनाभरात जमवलेला विश्वास तासाभरात जातो, आणि औषध तर मिळालेलंच नसतं. त्याच्या घरी कुणी बहीण असेल, तिचं लग्न ठरत असेल, तिच्या फोनवर हा व्हिडिओ पोचतो. फोटो हवा तो पोलिसांना, शोधासाठी.

घर सापडणं ही पूर्वी चमत्कारासारखी गोष्ट वाटायची. आता ती पद्धत झाली आहे. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत माणूस बोलू लागतो. सगळं एकदम आठवत नाही. आधी एखाद्या सणाचं नाव येतं, मग नदीचं, मग शाळेतल्या मास्तरांचं. आधारच्या बोटांच्या ठशांवरूनही काही जणांचे पत्ते लागले आहेत. कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. त्यांनी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी देशभरातल्या हजारो रुग्णांना घरी पोचवलं. रस्त्यावरचा माणूस बरा होऊन घरी जाऊ शकतो, हे आमच्यासारख्या छोट्या कार्यकर्त्यांना त्यांच्यामुळे पटलं.

उत्तर बिहारमधल्या एका गावात आम्ही एकाला घेऊन गेलो तेव्हा घरच्यांनी त्याचं श्राद्धही उरकलं होतं. सगळं गाव जमलं. आई त्याचे हात चाचपत होती. तो दिवस मला आजही काम करायचं बळ देतो. पण काम संपतं ते त्या दिवशी नाही, आणि हे सांगताना जीव जड होतो. दोन-तीन महिने बरे जातात. मग घरातले म्हणतात, आता चांगला झाला, गोळ्या कशाला? किंवा कुणी देवऋषी सांगतो, गोळ्या बंद करा. त्या बिहारच्या तरुणाच्या गोळ्या बंद झाल्या आणि तो पुन्हा निघून गेला. अजून सापडलेला नाही.

याउलट इकडच्याच एका वाडीत परत गेलेला माणूस वर्षानुवर्षं टिकून आहे. तिथल्या आशाताई दर महिन्याला त्याला इंजेक्शनच्या तारखेची आठवण करतात. सरपंचांनी त्याला पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर काम दिलं, सकाळ-संध्याकाळ मोटार चालू-बंद करायची. गाव पाण्यासाठी त्याच्यावर अवलंबून आहे, त्यामुळे त्याची टिंगल करण्याची कुणाची हिंमत होत नाही. तो दर गुरुवारी मठात जातो, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात तर मुजावरांनाच सोबत घेऊन दुव्याबरोबर दवा देण्याचा प्रयोग झाला आहे. श्रद्धेशी भांडून औषध पोटात जात नाही.

आणि ज्यांना घर परत घेत नाही त्यांचं काय? स्टँडवरच्या त्या कानडी तरुणीचा भाऊ आला, फाटकाबाहेर उभा राहिला, तिला लांबून पाहिलं आणि गेला. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. मी भावाला दोष देत नाही. त्याची परिस्थिती आणि त्याची भीती मी पाहिली. पण केवळ घरचे घेत नाहीत किंवा घर नाही म्हणून कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही, असं याच कायद्याचं कलम १९ सांगतं. शहरांतले निवारे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लाख वस्तीमागे एक निवारा असावा असं सांगितलं. पण तिथे मनोरुग्ण म्हटलं की बहुतेक वेळा दार बंद होतं. २०११ च्या जनगणनेत देशात सतरा लाखांहून जास्त लोक बेघर नोंदले गेले, त्यातले दोन लाखांहून जास्त महाराष्ट्रात. ही सगळी माणसं आश्रमांत मावणार नाहीत, आणि मावावीत अशी माझी इच्छाही नाही.

चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने 'होम अगेन' नावाने जे केलं ते मला सगळ्यात पटतं. चार-पाच जणींनी साध्या वस्तीत साधं भाड्याचं घर घेऊन राहायचं, मदतीला एक कार्यकर्ती. त्या धर्तीवर आम्ही इथे एक घर मिळवायचा प्रयत्न केला तेव्हा नकारच नकार आले. "बायका एकट्या, त्यात तसल्या, शेजारी काय म्हणतील." शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने आपला तळमजला दिला. पहिले काही महिने गल्ली बोलत नव्हती. मग पाण्याच्या टँकरच्या रांगेत ओळख झाली, कुणाच्या घरी डोहाळजेवणाला पोळ्या लाटायला हात कमी पडले, तिथे या गेल्या. पुढच्या संक्रांतीला समोरच्या घरून सगळ्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. ती कानडी बाई आता एका पोळीभाजी केंद्रात कामाला जाते. गोळ्या चालू आहेत.

तुमच्या नाक्यावर असं कुणी असेल तर आज त्याला जेवण द्या, उद्या त्याच वेळी पुन्हा द्या, आणि ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सल्ला हवा असेल तर सरकारचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ आहे, तो कुठल्याही वेळी लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि उद्या तुमच्या गल्लीत कुणी बऱ्या झालेल्या चार बायकांसाठी किंवा पुरुषांसाठी भाड्याने घर मागायला आलं, तर नाही म्हणू नका. सध्या आम्हाला डॉक्टरांपेक्षा, औषधांपेक्षा आणि देणग्यांपेक्षाही तेच जास्त कमी पडतं आहे.